सर आणि ग्रहणातला ऊस

सर गेले त्याला वर्ष होत आलं. दुपारी वीज गेली आणि ग्रंथालयातला पंखा थांबला की मी अजूनही दाराकडे बघतो. अशा शांततेत ते हमखास यायचे. आल्यावर बसायचे नाहीत. हातातला अंक उभ्यानेच वाचत खिडकीपासून कपाटापर्यंत फेऱ्या मारायचे. मग मध्येच कुणाच्याही टेबलापुढे थांबायचे आणि जणू बोलणं मघाशीच अर्धवट राहिलंय अशा थाटात विचारायचे, "तर मग थांबवलं कुणी?"

पहिल्या वर्षाचा मुलगा दचकून उभा राहायचा. "कुणाला, सर?"

"अबे, पेशीला!" असं म्हणून सर उत्तराची वाट न बघता पुढच्या टेबलाकडे जायचे.

गेवराई तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो, नंतर तिथेच ग्रंथपाल झालो. ते मूळचे घाटनांदूरचे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत, उंदराच्या गर्भात मेंदू कसा घडतो यावर काही वर्षं काम करून ते परत आले होते. का परत आलात, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "तिथं उंदीर लई होते, ऐकून घेणारे कमी." खरं कारण काय ते कुणालाच कळलं नाही. प्रयोगशाळा सुटली तरी विषय मात्र त्यांना सुटला नाही. अभ्यासक्रमात बेडूक असो की गांडूळ, तास संपेपर्यंत ते फिरून त्यांच्या लाडक्या बारक्या आरएनएवर यायचेच.

हे बारके समजावून सांगायची उपमा त्यांना एका लग्नात सापडली, असं ते सांगायचे. मी त्या लग्नात होतो. पंगत सोडून सर मांडवामागे चुलाण्यापाशी जाऊन उभे राहिले.

"मास्तर, पंगतीला बसा की," आचारी म्हणाला.

"बसतो. आधी सांग, भात आता बास, हे तुला कोण सांगतं?"

"कोन सांगनार? त्यो बघा, नवरीचा चुलता. त्याला दुसरं येक काम न्हाई. नुसता येतो अन् म्हनतो, बास करा."

सरांनी धावत जाऊन त्या चुलत्याचा हात धरला. चुलता घाबरला. "मी काय केलं बुवा?"

"तुम्ही काहीच करत नाही, हेच तर मोठं काम!" सर त्याचा हात हलवत म्हणाले. पुढे कितीतरी दिवस तो माणूस सर दिसले की रस्ता बदलायचा.

दुसऱ्या दिवशी वर्गात तेच उदाहरण. डीएनए म्हणजे घरातल्या कर्त्याच्या डोक्यातला सगळा बेत. त्यातून चिठ्ठ्या निघतात, चुलाण्यापाशी जातात, चिठ्ठी वाचून आचारी पदार्थ करतो. हे सगळ्या पुस्तकांत असतं. पण विसेक अक्षरांचे काही चिमुकले आरएनए असतात, ते स्वतः कसलाच पदार्थ करत नाहीत. ते फक्त चिठ्ठीला जाऊन चिकटतात. मग ती चिठ्ठी वाचली जात नाही, किंवा फाटते. "आता मेंदूचं बघा," सर खडू नाचवत म्हणायचे. "गर्भातल्या पेशी नुसत्या वाढत असतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. अशाच वाढत राहिल्या तर गोळा होईल बे, मेंदू होणार नाही. वेळ आली की कुणीतरी म्हणावं लागतं, बास, आता वाढू नको, आता मज्जापेशी हो, तुझ्या जागी जा. ते म्हणणाऱ्यांत हे बारके असतात. हे कमी पडले, उशिरा आले, चुकीच्या ठिकाणी गेले, तर मूल उशिरा बोलतं, फिट येतात, पुढे तरुणपणी मन बिघडतं. किती आणि कसं, ते सगळं माहीत नाही."

'माहीत नाही' हे शब्द ते सणाच्या दिवशी गोडाचं नाव घ्यावं तसे घेत. चाचणी परीक्षेत ज्याने थापा न मारता 'माहीत नाही' असं लिहिलं, त्याला ते अर्धा गुण देत. प्राचार्यांनी एकदा विचारलं, असं कसं चालेल? सर म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे का कसं चालेल ते?" प्राचार्य म्हणाले, नाही. "मग अर्धा गुण तुम्हालाही."

माझं आणि त्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. जीवशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत, ज्या डीएनएपासून प्रथिन बनत नाही त्याला 'निरुपयोगी' म्हटलेलं असे. ग्रंथालयातल्या प्रत्येक प्रतीत सरांनी तो शब्द पेन्सिलीने खोडला होता.

"सर, ही कॉलेजची मालमत्ता आहे."

"म्हणून तर पेन्सिल वापरली."

"मी खोडरबरने पुसून ठेवलं होतं."

"मला दिसलं. म्हणून परत खोडलं." आणि जाता जाता म्हणायचे, "ज्याचं काम आपल्याला कळलं नाही, त्याला निरुपयोगी म्हणायची लई घाई असते बे माणसाला."

त्यांच्या स्कूटरच्या मागे काळ्या रेक्झिनची एक गुंडाळी बांधलेली असे. तो त्यांचा फळा. खिळा दिसला की तो टांगायचा: एसटी स्टँडवर, देवळाच्या भिंतीला, एकदा तर न्हाव्याच्या दुकानात, अर्धी दाढी झालेली असताना. लोक हसत, थोडा वेळ थांबत, निघून जात. सरांना त्याचं काही वाटत नसे.

पण एकदा लोक थांबले, सगळं ऐकून घेतलं, आणि त्यातून भलतंच झालं. ते माझ्या बहिणीच्या घरी.

आम्ही चकलांब्याचे. ताई शिरूर कासारच्या पलीकडच्या एका खेड्यात दिली आहे. दिवाळी झाली की ती आणि दाजी ऊसतोडीला जात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांची लेक आरू पोटात होती तेव्हा ताई दोन-तीन महिन्यांची पोटुशी. तोडीच्या हंगामात सूर्यग्रहण आलं. ग्रहणात पोटुशीने काही चिरायचं नाही, कापायचं नाही, हे तिलाही माहीत होतं. पण कारखान्याची गाडी भरायची होती, मुकादमाने कुणालाच बसू दिलं नाही. ताईने त्या दिवशी ऊस तोडला. परत आल्यावर तिनेच हे सासूला भोळेपणाने सांगितलं.

मग आरू जन्मली. टाळू आतून फाटलेली. दूध नाकातून परत यायचं. छातीत आवाज होता. चालायला उशीर, बोलायला त्याहून उशीर. आणि ताईच्या सासूला सगळं क्षणात उमगलं: हिने ग्रहणात कोयता चालवला. टाळूचं ऑपरेशन पुण्यात झालं, तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की एका गुणसूत्राचा बारीक तुकडा पोरीत मुळातच नाही. सासूने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तेच की. कोयत्यानं तुटला." घरात बोलणं सुरू झालं की सुनेला माहेरी धाडावं आणि पोराचं दुसरं लग्न लावावं. दाजी यावर काही बोलत नसत. ते कशावरच फारसं बोलत नसत. त्यांचा आवाज नाकातून येई, लहानपणापासून गावाने 'गेंगाण्या' म्हणून हाक मारलेली, सातवीत शाळा सुटलेली.

मी हे सगळं सरांना सांगितलं, ते केवळ मन हलकं करायला. सर फेऱ्या मारता मारता थांबले. "तुकडा कुठल्या गुणसूत्राचा?"

मी सांगितलं. त्यांनी हातातला अंक माझ्या टेबलावर टाकला. "अबे, त्या तुकड्यात तर माझे बारके आहेत!" म्हणजे बारके नव्हेत, बारक्यांना घडवणाऱ्या यंत्रणेचा एक भाग. त्या तुकड्यात इतरही बरंच काही असतं, हेही त्यांनी लगेच सांगितलं, पण ते सांगताना त्यांचा एक पाय दाराबाहेर होता. "चल. आजच जाऊ."

ताईची सासू ओसरीवर सुपात ज्वारी पाखडत होती. "ह्यो कोन?"

"माझे सर आहेत."

"मास्तर कावून आनला?"

सरांनी खिळा शोधून रेक्झिन टांगलं. शेजारपाजारची माणसं जमली. सर असे रंगलेले मी क्वचितच पाहिले. "आजी, बाळ पोटात घडतं ना, तेव्हा आत सारखं कापणं चालू असतं. आधी लांब दोरी असते. तिचे बारीक तुकडे व्हावे लागतात. ते तुकडेच मेंदूतल्या पेशींना सांगतात, कुठं थांबायचं. आरूमध्ये ते कापणारं हत्यार निम्मंच आलंय. तुम्ही म्हणता, चिरलं म्हणून असं झालं. मी म्हणतो, आत जेवढं चिरायला पाहिजे होतं तेवढं चिरलं गेलं नाही म्हणून झालं!"

त्यांनी खडू खिशात ठेवला. त्यांना वाटलं, जिंकलं.

म्हातारीचं सूप थांबलं. "म्हंजी चिरन्याचंच हाय की."

"तसं नव्हे, आजी—"

"मंग कसं? मी काय येगळं म्हनत हुते? ही भाईर कोयता चालवाय लागली, तवा आतलं हत्यार भ्यालं आसंल. आर्दंच काम करून बसलं."

जमलेल्या माणसांनी माना हलवल्या. सगळ्यांना ते पटलं. सरांनी पुन्हा खडू काढला, फळ्यावरची दोरी पुसली, पुन्हा काढली, पण आता जो तो दुसऱ्याला समजावून सांगत होता. ताई दाराआड उभी होती. आम्ही निघालो तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, "चहा तरी घिऊन जायचा हुता."

त्या आठवड्यात आसपासच्या गावांत पसरलं: कॉलेजचा मास्तरसुद्धा म्हणतो, चिरण्यामुळेच. दाजींसाठी एक मुलगीही सुचवली गेली.

दुसऱ्या दिवशी सर ग्रंथालयात आले, पण कुणाला काही विचारलं नाही. खिडकी, कपाट, खिडकी. शेवटी माझ्यापुढे थांबले.

"उपमा चुकली बे."

"उपमा वाईट नव्हती, सर."

"चांगली होती, हाच घोटाळा. त्यांच्या भीतीत नेमकी बसली. बसेल असं माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं." थोडं चालून परत आले. "आईबापांचं रक्त तपासलंय का?"

डॉक्टरांनी तसं सुचवलं होतं, दुसऱ्या मुलाचा विचार करण्याआधी तपासून घ्या म्हणून. ताईने घरी ते सांगितलंच नव्हतं. मी सरांना विचारलं, "आणि ते ताईकडून आलेलं निघालं तर?"

"तर तिच्याकडून आलेलं असेल. नाहीतर दोघांकडूनही नसेल. बहुतेक वेळा नसतंच, आपोआप घडतं."

"पण निघालं तर तिला घालवतील, सर."

ते खिडकीशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "नाही तपासलं तर ठेवणार आहेत का?"

मी ताईच्या घरी जाऊन तपासणीचं सांगितलं. सासूने तर लगेच होकार दिला. "करा की. समद्यांना कळू द्या येकदा."

निकाल आला त्या दिवशी पुण्यातल्या डॉक्टरांनी ताईला आणि दाजींना आत बसवलं. मी आणि सर बाहेर. सर व्हरांड्यात इतक्या वेगाने फिरत होते की नर्सने त्यांना दोनदा हटकलं. "आजोबा, पेशंटला त्रास होतो." सर म्हणाले, "मलाही होतोय," आणि फिरत राहिले.

दार उघडलं. ताई आधी आली, तोंडाला पदर लावून. मला वाटलं, संपलं. तिच्यामागून दाजी आले. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "माझ्याकडून हाय."

सर जागच्या जागी उभे राहिले.

"त्यांनी इचारलं, लहानपनी दूध नाकातून यायचं का. म्हनलं, यायचं की. मला वाटायचं, समद्यांचंच येतं." दाजी जरा हसल्यासारखे झाले. "मंग म्हनले, आवाज पहिल्यापासनं असाच का. शाळंत ध्यान लागायचं न्हाई का. समदं बरूबर सांगत गेले. माझ्यात बी त्यो तुकडा न्हाई."

सरांच्या डोळ्यांत शंभर प्रश्न उभे राहिलेले मला दिसत होते. एकाच तुकड्याने बापाला एवढंसंच आणि लेकीला एवढं का, हा तर त्यांचा जन्माचा विषय. त्यांनी एकही विचारला नाही. दाजींनीच त्यांना विचारलं, "घरी काय सांगू?"

"माहीत नाही," सर म्हणाले. त्या दिवशी त्या शब्दांत गोडी नव्हती.

परतीच्या एसटीत मी मनात वाक्यं जुळवत होतो. म्हातारीला तोंडावर काय काय ऐकवायचं, कुठल्या क्रमाने. इतक्या वर्षांचं सगळं. सर माझ्या शेजारी होते. त्यांचा गुडघा सारखा हलत होता. गेवराई जवळ आल्यावर ते म्हणाले, "तू काही बोलणार असशील तर बोलू नको बे." एवढंच. पुढे खिडकीबाहेर बघत राहिले.

उतरताना दाजी सरांना म्हणाले, "उद्या तुमी बी या." सर आले, रेक्झिन न घेता.

ओसरीवर म्हातारी बसलेली. आरू तिच्या पायाशी बाभळीच्या शेंगांशी खेळत होती. शेजारीण आपणहून आली होती, निकाल ऐकायला. ताई सगळ्यांना पाणी देत उभी.

"काय म्हनला डाक्टर?" सासूने विचारलं. आणि उत्तर यायच्या आधीच शेजारणीला म्हणाली, "मी काय म्हनत हुते तुला."

"आई," दाजी म्हणाले, "ते माझ्याकडून आलंय."

"काय तुझ्याकडून?"

"आरूचं. माझ्यात बी त्योच तुकडा न्हाई. जनमापासनं. हिच्यात समदं हाय."

"खुळा का काय. तुला काय झालंय? येवढा बाप्या गडी तू."

"दूध नाकातून यायचं का न्हाई माझं?"

म्हातारी बोलायला गेली आणि थांबली. ती दाजींच्या तोंडाकडे बघत राहिली, पहिल्यांदाच नीट बघावं तशी. शेजारीण पदर सावरत उठली आणि निघून गेली. मला वाटलं होतं, म्हातारी आरडाओरडा करील, डॉक्टरला शिव्या घालील. त्यासाठी मी तयार होतो. झालं ते निराळंच. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"यायचं," ती म्हणाली. "चमच्यानं पाजत हुते मी तुला. मान वर धरून." मग कुणाकडेच न बघता, "तू पोटात हुतास तवा... तवा बी येकदा गिराण लागलं हुतं का रं? लागलं आसंल. सासू म्हनली हुती, आतच बस. मी इळी घिऊन बसले हुते का तवा? वांगी हुती. का ते दुसऱ्या बारीला..." तिची बोटं लुगड्याच्या काठावर फिरत होती. "कशाला बसले आसंल मी इळीवर. माझ्यामुळंच झालं म्हना की. तुझं बी, हिचं बी."

मी जुळवलेलं एकही वाक्य कामाचं राहिलं नव्हतं. सर पुढे झुकले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. त्यांच्याकडे ग्रहणाबद्दल, गर्भाबद्दल, तुकड्याबद्दल सगळं होतं, आणि यावेळी त्यांनी उपमाही दिली नसती. पण त्यांच्या आधी ताई बोलली. हातातला तांब्या सासूपुढे ठेवत ती म्हणाली, "आत्याबाई, तुमी काय बी केलं न्हाई."

"तुला काय ठावं? तू हुतीस का तवा?"

"न्हवते," ताई म्हणाली. "तुमी तरी उसाच्या फडात कुठं हुता?"

 सरांनी उघडलेलं तोंड मिटलं. दाजी उंबऱ्याकडे बघत होते. आरूच्या हातातली शेंग वाजली.

म्हातारीने तांब्या उचलला. प्यायली नाही. तसाच हातात धरून बसली. मग तो ताईपुढे सरकवला आणि बाजूला सरकून घोंगडीवर जागा केली.

"बस हितं. पी. सकाळपासनं हुबी हायस."